ओट्यावरची शेगडी

पळसदरी,
८ जानेवारी १९७४

प्रिय सुचेता,

तुझं पत्र पोचलं. शाळेत आता तुला सातवीचा वर्ग दिला, हे वाचून अप्पांना सुनेचं फार कौतुक वाटलं. लोधिवलीला इतकी थंडी नसेल. इथे डोंगरावरून वारा सुटला की दुपारचं ऊनसुद्धा अंगाला लागत नाही.

दिवाळी करून तू परत गेलीस आणि अप्पांनी घरापुढच्या ओट्यावर उबेची काहीतरी सोय करायचं मनात घेतलं. मला वाटलं, वय झालं, हाडं गारठत असतील. मी म्हटलं, संध्याकाळी आत बसत जा. तर म्हणाले, "आत बसून कसं चालेल?" आम्ही दोघं कल्याणला विजेचा हीटर बघायला गेलो. दुकानदाराने लावून दाखवला, तार लालबुंद झाली. अप्पांनी हात लांब करून विचारलं, "शेजारच्या खुर्चीपर्यंत ऊब पोचेल का?" तो हसला. म्हणाला, "काका, उघड्यावर हा लावलात तर आभाळ तापेल, माणूस नाही." शेजारची खुर्ची म्हणजे माझी, असं मी धरून चालले. मनातून थोडी सुखावलेही.

मग पोपटशेटकडून रॉकेलची शेगडी दोन दिवस मागून आणली. ती वाऱ्याने सारखी विझायची, आणि वास घरभर. अप्पांनीच ती परत पाठवली. "ह्या वासाने त्याचं डोकं चढतं," म्हणाले. रॉकेलच्या वासाने डोकं कुणाचं चढायचं, हे मी तुला सांगायला नको. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि भाजी निवडत राहिले.

शेवटी कर्जतच्या लोहाराकडून त्यांनी पत्र्याचं पिंप कापून शेगडी करून घेतली. तीन पाय, आणि निखारे वाऱ्याने उडू नयेत म्हणून काठ उंच. आपल्या झाडांचं बघणारा नागू कोळशाचं पोतं घेऊन आला. शेगडी छान पेटली. अप्पांनी ती ओढत नेली आणि मधूच्या वेताच्या खुर्चीपुढे ठेवली. स्वतः बसले पार दुसऱ्या टोकाला, शाल गुंडाळून, कुडकुडत. नागू मागच्या दाराने येऊन मला म्हणाला, "वैनी, अप्पांना ऊब लागतच नाय. शेगडी रिकाम्या खुर्चीला लावलीय त्यांनी."

मी विचारलं तेव्हा अप्पांनी काही लपवलं नाही. "तो पाण्यातून येतो गं," म्हणाले. "धरणातून काढला तेव्हा मी त्याचे पाय धरले होते. तो गारठा माझ्या हातातून जात नाही. जरा अंग शेकलं की त्याला बरं वाटतं." तीन पावसाळे झाले मधूला जाऊन. तुमच्या लग्नाला तर वर्षही पुरं झालं नव्हतं. इतक्या दिवसांत अप्पांनी त्याच्याबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.

परवा अप्पा डोळे दाखवायला कर्जतला गेले होते. दिवस कलला तशी, कशाला कोण जाणे, मीच शेगडी पेटवली. पाट आणायला वळताना माझा हात त्या खुर्चीच्या उशीला लागला. उशी ओली होती. दव पडायची वेळ नव्हती, कुणी पाणी सांडलं नव्हतं. पिळली असती तर पाणी निघालं असतं, इतकी ओली. सुचेता, मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. मी पाट घेऊन तिथेच बसले आणि त्याच्याशी बोलत राहिले. आंब्याला मोहोर आलाय, नागूच्या कमळ्याचं लग्न ठरलंय, तुला वरचा वर्ग मिळालाय. अप्पा आले तेव्हा काळोख पडला होता, चुलीवर भात चढला नव्हता, आणि माझ्या मनात आलं, हे कशाला आले आत्ता? ते मनात आलं आणि मग मात्र मी घाबरले.

दिवाळीत तू त्याच खुर्चीजवळ पायरीवर बसली होतीस. बसल्या बसल्या तू पदर अलगद बाजूला घेतलास, जवळ पाणी ठिबकत असलं की घेतो तसा. मी दारातून बघितलं होतं. तेव्हा अर्थ कळला नव्हता.

तुझ्या वडिलांचं पत्र आलंय. तुमच्या शाळेतल्या चित्रे मास्तरांनी तुला मागणी घातली, आणि तू म्हणालीस, संक्रांतीला पळसदरीला जाऊन येते, मग सांगते. तू कुणाला विचारायला येणार आहेस, ते मला कळलंय. इथून काय उत्तर घेऊन जाशील, तेही कळलंय. म्हणून हे लिहितेय. येऊ नकोस. संक्रांतीला नको, शिमग्याला नको. चित्र्यांना हो म्हण. मागणीचं अप्पांना मीच सांगेन, त्यांचं मन मी वळवीन. आम्हा दोघांचं जगून झालंय, आम्ही इथे बसलो तर कुणाचं काही जात नाही. आणि बाळ, एवढं एक लक्षात ठेव. पुढे कधी माझ्याच हातचं "ये" म्हणून पत्र आलं, तरी येऊ नकोस.

तू कुणाच्याही घरी नांदलीस तरी तुझीच,
आई