कानटोपीवरचं हेल्मेट

युट्रेख्ट,
६ जानेवारी २०२१

ती. सुचित्राताईंस,

हेमचंद्राचा वाकून नमस्कार. (वाकणं फक्त कागदावर. कमरेनं नोव्हेंबरपासून असहकार पुकारला आहे.) सतीशरावांचा गुडघा आता कसा आहे? थंडीत ठणकत असेल तर त्यांना म्हणावं, साडू म्हणून माझाही ठणकतो आहे, एकटे पडला नाहीत. सांगलीत रुग्ण कमी झालेत असं वाचलं, बरं वाटलं. इथे आजच पहिली लस टोचली, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या एका मुलीला. टीव्हीवर दाखवलं. लोक टाळ्या वाजवत होते. मी टीव्ही बंद केला. का बंद केला हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो आहे, पण ते सांगायला पँटीपासून सुरुवात करावी लागेल, तेवढा वेळ द्या.

मीनल बरी आहे. डेल्फ्टला तिची पीएचडी चालू आहे, म्हणजे ती चालू आहे आणि पीएचडी बसून आहे. दर रविवारी ट्रेननं येते, मास्क लावून खोलीच्या त्या टोकाला बसते आणि माझ्या हातचं जेवायची वेळ आली की मास्क काढायला फार वेळ लावते. मागच्या रविवारी तीच म्हणाली, "बाबा, मावशीला तुम्ही स्वतः लिहा. दुसरीकडून कळलं तर तिला जास्त लागेल." म्हणून लिहितो.

तुम्हाला आठवत असेल, साधना गेल्यावर दोन वर्षांनी तुम्ही मिरजेच्या एका शिक्षिकाबाईंचं स्थळ सुचवलं होतंत. मी चार पानी उत्तर पाठवलं होतं, की साधनेनंतर या घरात दुसरं नाव निघणार नाही. ते पत्र तुम्ही चैत्राच्या हळदीकुंकवात बायकांना वाचून दाखवलंत आणि दोघी-तिघींनी आपापल्या नवऱ्यांना त्यावरून बोलून घेतलं, हेही मला कळलं होतं. ताई, त्यातलं अक्षर न् अक्षर लिहिताना खरं होतं. पुढे जे झालं ते पँटीमुळे.

साधना होती तोवर माझी कंबर चौतीस. नंतर मी ब्रेड आणि चीज यांवर राहू लागलो आणि दोन वर्षांत ऑफिसची एकही पँट मला आत घ्यायला कबूल होईना. झुइडास भागातल्या आमच्या बँकेत लुंगी चालत नाही. म्हणून घरामागच्या गल्लीतल्या शिवणकामाच्या दुकानात गेलो. मशीनवर एक बाई बसलेल्या, वय माझ्याच आगेमागे, केस पांढरे, तोंडात चार टाचण्या. टाचण्या न काढताच त्या डचमध्ये काहीतरी बोलल्या. मला या देशात अकरा वर्षं झाली होती आणि डच येत नव्हतं (ऑफिसात इंग्रजी, घरात मराठी, बाजारात बोट). बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी माझ्या पोटाला टेप गुंडाळला, आकडा वाचला, आणि तो आकडा भिंतीकडे पाहून असा काही उच्चारला की मला भाषा न कळता सगळं कळलं.

त्यांचं नाव दिमित्रा. माणसं ग्रीसची, ऑलिंपसच्या पायथ्याच्या एका गावातली. वडील इथे कारखान्यात कामाला आले आणि ही अकराव्या वर्षी त्यांच्या मागोमाग आली. लग्न एकदा झालं होतं, टिकलं नाही, मूलबाळ नाही. त्या घरात जुन्या देवांची नावं ठेवायची चाल आहे, आणि आपल्याकडच्यासारखीच ती नावं माणसांना शोभत नाहीत. थोरला भाऊ दिओनिसिस, म्हणजे मद्याचा देव. हा बिचारा यकृतापायी वीस वर्षं लिंबाचं सरबत पितो. आत्याचं नाव आर्तेमिस. ती देवी म्हणजे जन्माची ब्रह्मचारिणी. आत्यानं तीन नवरे केले आणि तिघांनाही पोचवून मग स्वतः गेली.

मी पँटी सैल करून घेतल्या. मग डायेट केल्याची थाप मारून एक घट्ट करायला नेली. मग तीच पुन्हा सैल. अशा अकरा पँटी आळीपाळीनं वर्षभर नेल्या, आणि मधल्या काळात संध्याकाळचा डचचा क्लास लावला. (वर्गात मी सगळ्यात मोठा. माझ्या शेजारी सीरियाहून आलेली एक एकोणीस वर्षांची मुलगी होती, ती माझा गृहपाठ तपासायची.) एक दिवस दिमित्रानं पँट उलटी करून शिवण पाहिली आणि तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ही मी तीन वेळा उसवलीय," ती म्हणाली. "तुमच्या पोटाला भरती-ओहोटी असते का?" मला ते सगळं समजलं. पहिल्यांदाच एक आख्खं डच वाक्य समजलं आणि तेच नेमकं असं. मी मान खाली घातली. तिनं काउंटरची फळी उचलली आणि म्हणाली, "आत या. कॉफी घ्या. पँट राहू दे."

त्यानंतरचं दीड वर्ष मी कोणाला सांगितलं नाही, आणि आताही फार सांगवत नाही. आम्ही लग्न केलं नाही, एका घरात राहिलो नाही. रविवारी दुपारी ती माझ्याकडे किंवा मी तिच्याकडे. ती कशातही लिंबू पिळायची, अगदी वरणातसुद्धा, आणि वरण सुधारायचं. माझं थालीपीठ कडेला जळायचं, ती कडाच आधी खायची. साधनेचा फोटो माझ्या टेबलावर आहे, तो तिनं एकदा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, "हा ब्लाउज कोणी शिवला? खांद्याला फार चांगला बसलाय." तो तुम्ही शिवला होता, ताई. मी सांगितलं तिला.

दोन हजार अठराच्या दिवाळीत तिनं माझ्या पँटीचा एक पाय दोन इंच आखूड शिवला. मी ती घालून ऑफिसला गेलो, लोकांना वाटलं फॅशन आहे. पुढच्या महिन्यात तिला टेपवरचे आकडे लागेनासे झाले. डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. साठीसुद्धा झाली नव्हती. आणि त्या आजाराची रीत अशी की मागाहून शिकलेलं आधी जातं. तिची डच जाऊ लागली. त्याच सुमारास मी डचची परीक्षा पास झालो. सर्टिफिकेट घेऊन धावत तिच्याकडे गेलो. तिनं ते उलटंसुलटं पाहिलं आणि ग्रीकमध्ये काही विचारलं. दिओनिसिस खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "विचारते आहे, ही कोणाची पँट?"

दोन हजार वीसच्या जानेवारीत तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं आणि मार्चमध्ये सगळे दरवाजे बंद झाले. तिची खोली तळमजल्यावर, बागेच्या बाजूला. मी घरून काम करत होतो, दुपारी जेवणाच्या सुट्टीत सायकल काढायची आणि खिडकीबाहेर जाऊन उभं राहायचं. आतली नर्स फोन तिच्या कानाला लावायची. पण बोलणार काय? डच तिच्याकडे उरली नव्हती, ग्रीक माझ्याकडे नव्हती. मग दिओनिसिस मला बागेतल्या बाकावर ग्रीक शिकवू लागला, बाकाच्या एका टोकाला तो, दुसऱ्याला मी, मध्ये सरकारी दीड मीटर. लिपी मला अर्धी येतच होती, आल्फा, बीटा, पाय, सिग्मा, सगळं इंजिनिअरिंगला झालेलं. त्या अक्षरांचे शब्दही होतात हे मात्र नवीन होतं.

आता हेल्मेटचं सांगतो. या देशात सायकलवर हेल्मेट कोणी घालत नाही, परदेशातून आलेला भित्रा माणूस तेवढा घालतो. मी घालतो. थंडी म्हणून आत कानटोपी, आणि तिचे दोन्ही कान हेल्मेटच्या बाजूंनी बाहेर येऊन वाऱ्यावर फडफडतात. एप्रिलमधल्या एका दुपारी मी असा खिडकीशी उभा राहिलो आणि दिमित्रा कित्येक आठवड्यांनी हसली. काचेवर बोट ठेवून म्हणाली, "एर्मिस!" दिओनिसिसनं सांगितलं, हा देवांचा निरोप्या, त्याच्या शिरस्त्राणाला पंख असतात. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. छप्पन्नाव्या वर्षी बँकेत बढती नाकारलेला माणूस एकदम देव झाला.

तेव्हापासून ती रोज मला एकच प्रश्न विचारायची. "इर्थेस ना मे पारिस?" त्यातलं 'इर्थेस' मला कळायचं, आलास का? आणि त्यांच्यात 'हो'ला 'ने' म्हणतात. (डचमध्ये 'ने' म्हणजे 'नाही'. या खंडात कोणाचं कोणाशी पटत नाही ते उगीच नाही.) मी हेल्मेट हलवून म्हणायचो, "ने, ने!" की ती उठायची, कोट घालायची, पर्स घ्यायची आणि दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसून राहायची. मी हात हलवून ऑफिसच्या मीटिंगला परत. दोन आठवडे असं चाललं. शेवटी नर्सनं दिओनिसिसला विचारलं, की ते गृहस्थ गेल्यावर ह्या बाई संध्याकाळपर्यंत कोट का काढत नाहीत?

दिओनिसिसनं ते बाकावर मला सांगितलं. मग म्हणाला, "पूर्ण वाक्य असं आहे, की मला न्यायला आलास का? एर्मिसचं दुसरंही एक काम असतं. मेलेल्यांना हाताला धरून खाली पोचवायचं."

ताई, मी दोन आठवडे तिला हो म्हणत होतो. हसत हसत, हेल्मेट हलवून.

दुसऱ्या दिवशी मी नवीन वाक्य पाठ करून गेलो, "ओहि सिमेरा." आज नाही. तिनं विचारलं, मी म्हटलं. तिनं नाक मुरडलं, कपडे वेळेवर न देणाऱ्या शिंप्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि जेवायला गेली. मग रोज तेच. उन्हाळ्यात एका नातेवाइकाला आत जायची परवानगी मिळाली, नाव एकच द्यायचं. दिओनिसिस म्हणाला, तू जा. पण फॉर्मवर नात्याचा रकाना होता आणि त्यात काय लिहायचं हे आम्हा दोघांनाही सुचेना. भावाचं नाव घातलं. मी खिडकीशीच राहिलो, भर उन्हात कानटोपी घालून. येणारे-जाणारे बघायचे. बघोत.

डिसेंबरात तिथे साथ शिरली. दिमित्राला कोरोना झाला. त्याच आठवड्यात दिओनिसिसलाही, तो घरात कोंडलेला. दहा तारखेला दुपारी नर्सचा फोन आला, भाऊ येऊ शकत नाही, तुम्ही येता का, फार वेळ नाही. मला प्लास्टिकचा झगा, हातमोजे, दोन मास्क, चष्मा, टोपी असं सगळं चढवलं. तिनं मला ओळखलं नाही. कशी ओळखणार, माझं मला ओळखू येत नव्हतं. मी नर्सला विचारलं आणि बाहेर जाऊन हेल्मेट घेऊन आलो. तिनं ते औषधानं पुसलं आणि माझ्या प्लास्टिकच्या टोपीवर स्वतः बसवलं. त्या मुलीला हसू आलं होतं आणि ती रडतही होती.

दिमित्रानं डोळे उघडले. ओठ हलले. आवाज नव्हता, पण वाक्य मला पाठ होतं. मला 'आज नाही' म्हणता आलं नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "ने." त्यांच्यात त्याचा अर्थ काय ते वर लिहिलंच आहे. आपल्यात काय ते तुम्हाला सांगायला नको. मी कोणत्या भाषेत बोललो आणि कोणाला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चार वाजता ती गेली.

साधनेच्या वेळी तुम्ही होतात, सगळं केलंत. या वेळी कोणी नव्हतं. घरी आलो, चहा केला, आणि पहिल्यांदा तुमची आठवण झाली. का ते माहीत नाही. तुम्हाला फसवलं असं वाटत असेल तर तसं वाटून घ्या, मी समर्थन करणार नाही.

सतीशरावांना नमस्कार. तब्येतीस जपा.

आपला,
हेमचंद्र

ता. क. टपाल सध्या महिना घेतं, म्हणून पानांचे फोटो काढून सतीशरावांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. त्यांनी आधी वाचलं असणारच. असो.

ता. क. २. खरं काम लिहायचं राहिलं. त्यांच्यात चाळिसाव्या दिवशी गेलेल्या माणसासाठी गहू उकडतात. त्यात साखर, बेदाणे आणि डाळिंबाचे दाणे घालून देवळात नेतात आणि आलेल्यांना वाटतात. हे घरातल्या बाईनं करायचं, आणि त्या घरात आता बाई उरली नाही. दिओनिसिसनं करून पाहिलं, त्याची खळ झाली, भिंतीला कागद चिकटवता येईल अशी. काल फोनवर तो रडकुंडीला येऊन म्हणाला, दिमित्रा म्हणजे गव्हाची देवी, आणि तिच्याच नावाचे गहू आपल्याला शिजेनात. मी त्याला शब्द दिला आहे की मी करतो. साधना गव्हाची खीर करायची, दाणा अखंड राहायचा आणि आत लोणी. ती तुमच्याकडून शिकली होती. चाळिसावा दिवस सोमवारी येतो, म्हणून सतरा तारखेला, रविवारी, आहे. गहू एक रात्र भिजवायचे की दोन? आणि पाणी केव्हा बदलायचं? रागावला असाल तर रागावूनच फोन करा, पण शुक्रवारच्या आत.