आटलेल्या कापडावरचा नकाशा आणि तिसऱ्या थराची परवानगी

मुलुंड (पूर्व), दि. २२ ऑक्टोबर १९८४

प्रति,
मा. परवानगी अधिकारी,
भूमिगत कोळसा खाणी,
विभागीय कार्यालय.

विषय : खैरडोह खाणीच्या तिसऱ्या थराला परवानगी न देणे आणि चौकशी अहवालातील 'नकाशाकाराची चूक' हे शब्द वगळणे.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ३ सप्टेंबरचा अर्ज. २) त्यावरील आपले दि. १ ऑक्टोबरचे पत्र.

महोदय,

१. रविवार, १२ फेब्रुवारी १९८४ रोजी सकाळी अर्जदाराचे वडील कै. कुंडलिक रामटेके यांनी घराच्या खिडकीच्या काचेवर दोन नकाशे एकावर एक धरले. ते अंधेरीच्या एका सल्लागार कंपनीत नकाशाकार होते. सातवी शिकलेले, खाणीत मोजणीची साखळी धरता धरता रेषा मारायला शिकलेले. अर्जदाराने एका हाताने कोपरा धरला होता. दुसऱ्या हातात पुस्तक होते. आई मालनबाई आतून म्हणाल्या, "रविवारी तरी त्या काचेला सुट्टी द्या. पोहे निवाले." वडील म्हणाले, "निवू दे." मग त्यांनी अर्जदाराकडे फूटपट्टी दिली. "पाय बरं बाई, ही रेघ दहा इंच हाये का?"

रेघ पावणेदहा इंच होती.

२. ही रेघ काय आहे हे आपल्याला ठाऊक असणार, पण आपल्या पत्रावरून तसे वाटत नाही, म्हणून लिहिते. खैरडोहला कोळशाचे तीन थर एकाखाली एक आहेत. सर्वांत वरचा थर जुन्या कंपनीने पन्नास वर्षांपूर्वी पोखरून सोडून दिला. त्याच्या बोगद्यांत पाणी साचले आहे. दुसऱ्या थरात काम करायचे तर वर आधाराला सोडलेले कोळशाचे खांब आणि बोगदे नेमके कुठे आहेत हे कळले पाहिजे, कारण मधला दगड जेमतेम काही मीटर जाड आहे. वरच्या थराचा एकमेव नकाशा ट्रेसिंगच्या सुती कापडावर आहे. तो कधीतरी भिजला. कापड भिजले की आटते, हे मुलुंडमधल्या कोणत्याही बाईला दुकानदाराने सांगावे लागत नाही. म्हणूनच जुने लोक अशा नकाशावर दहा इंचांची एक रेघ काढून ठेवत. कापड आटले की रेघही आटते, त्यावरून उतरवलेल्या प्रतीतही तशीच येते आणि मोजणाऱ्याला चूक कळते. शंभर फुटांना एक इंच या मापाने, नकाशावर जो बोगदा बारा इंचांवर संपलेला दिसतो, तो प्रत्यक्षात पूर्वेला तीस फूट पुढे गेलेला आहे.

३. वडिलांनी हे नोव्हेंबर १९८३ मध्येच ओळखले होते. कंपनीच्या कार्यालयात दिलेल्या नकाशाच्या कडेला त्यांनी लाल शाईने लिहिले : "कापड आटले आहे. भोक पाडून तपासल्याशिवाय पूर्वेला जाऊ नये. कुं. रा." त्या नकाशाची त्यांनी स्वतःजवळ ठेवलेली प्रत सोबत जोडली आहे. आपण जानेवारीत ज्या नकाशावर परवानगी दिली, त्यावर ही ओळ नाही. मात्र खालच्या चौकटीत नकाशाकार म्हणून नाव वडिलांचेच आहे. अक्षर त्यांचे नाही. रविवारी काचेवर स्वतःची प्रत आणि हा मंजूर नकाशा एकावर एक धरून त्यांनी पाहिले ते हेच.

४. वडिलांच्या कंपनीतील मुख्य आरेखक श्री. मधुकर पेठे यांना अर्जदार पुढे भेटली. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, साहेबांपुढे लाल शाईचा नकाशा नेत नाहीत. प्रश्न विचारत बसतात, फाईल अडकते. मी फक्त स्वच्छ काढून घेतला. रामटेकेंना मी सांगितलं होतं, तू रेषा मार, विचार करायला वर माणसं आहेत." हे त्यांनी लपवले नाही. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नव्हते.

५. वडील सोमवारी रजा टाकून स्वतःच्या तिकिटाने खैरडोहला गेले. "समोर उभं राहून सांगतलं तर आयकतात माणसं," असे म्हणाले. खाण व्यवस्थापकाने ऐकलेही. दाखवा म्हणून त्यांना मंगळवारी दुसऱ्या थरात, पूर्वेला खोदकाम चालू होते त्या तोंडाशी घेऊन गेले. पण सकाळच्या पाळीचे काम थांबवले नव्हते. नकाशा जिथे अखंड दगड दाखवत होता तिथून पाणी आले. वडिलांसह सहा माणसे गेली.

६. ऑगस्टमध्ये अहवाल आला. कारण : "मूळ नकाशा उतरवताना झालेली नकाशाकाराची चूक." सहा मृतांपैकी एकावर पाचांचा दोष ठेवून प्रकरण मिटवले आहे. जो सांगायला गेला तोच दोषी, आणि ज्यांनी त्याची ओळ गाळली ते साक्षीदार.

७. अर्जदाराने दुरुस्तीसाठी अर्ज केला. आपले उत्तर असे : "नकाशात दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार चौकटीत नाव असलेल्या नकाशाकारासच आहे. सबब त्यांच्या सहीने अर्ज सादर करावा." मृत्यूचा दाखला पहिल्या अर्जासोबत होता. तो आपण "तपासून परत" असा शिक्का मारून परत पाठवला आहे. म्हणजे तपासला होता. वडिलांची सही मी कुठून आणू, हे आपण पुढील पत्री कळवावे.

८. आता त्याच स्वच्छ नकाशावर तिसऱ्या थराचा प्रस्ताव आपल्या टेबलावर आला आहे. मोजमाप तेच, चौकटीत नावही तेच. ज्याला दोषी ठरवले, त्याच्याच नावाने पुन्हा माणसे खाली पाठवायची आहेत. मला तीन गोष्टी हव्या आहेत. मूळ कापडावरची रेघ आपण स्वतःच्या हाताने मोजावी. अहवालातून ते दोन शब्द काढावेत. आणि तोवर तिसऱ्या थराला परवानगी देऊ नये. पट्टी नसेल तर मी घेऊन येते.

९. आपल्याला दोष देताना एक गोष्ट लपवणे बरे नाही. अहवाल हातात आल्यावर तीन आठवडे, वडिलांच्या प्रतीवरची लाल ओळ वाचेपर्यंत, मीही तो खरा मानला. मी ग्रंथपाल आहे. टाईप केलेल्या, सही-शिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवायची मला सवय आहे. त्याच्याही आधी, त्या रविवारी, पावणेदहा इंच मोजून झाल्यावर मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले होते, "बाबा, एवढे शिकलेले इंजिनियर आहेत तिथे. तुमचंच काही चुकत असेल." त्यांनी नकाशे गुंडाळले आणि गार पोहे खाल्ले.

सुनावणी ठेवल्यास मी येईन आणि पहिले वाक्य आपल्याला उद्देशून बोलणार नाही. ते आज हा अर्ज लिहिण्याआधी घरात मोठ्याने बोलून पाहिले. आई दारात येऊन उभी राहिली. मी पुन्हा बोलले :

बाबा, तुमचं बरोबर होतं.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,
सुगंधा कुंडलिक रामटेके