खदानीतली राखण

१२ सप्टेंबर १९९९
झेंडूची गाडी नाशिकला लावून खदानीवर गेलो. दगड काढणं थांबून बरीच वर्षं झाली, पण यंदासारखी फुलं पाहिली नव्हती. तळाला पिवळा कवळा, कडेनं सोनकी, ओल्या कातळावर ती बारकी जांभळी. बाई त्यांना सीतेची आसवं म्हणतात. बाई नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. आज त्याही आलेल्या, चप्पल हातात घेऊन अनवाणी फिरत होत्या. निघताना म्हणाल्या, "अण्णा, हे जपा हो."
मी जन्मभर झेंडू पिकवतो. माझ्या फुलांकडं बघून असं कुणी बोललं नाही. थोडा राग आला, थोडं बरंही वाटलं.

२ ऑक्टो.
ग्रा. सभा. खदानीत चराईबंदी. ठराव मीच मांडला. खदान राखायला मंडळ झालं, अध्यक्षही मीच. सगळे हात वर, खंडूचा तेवढा खाली. लंगोटीयार माझा. खदान चालू होती तेव्हा तिथंच दगड फोडायचा, आता सात गायी तिथं चारतो.
"आन् माझ्या गायींनी काय तुझा झेंडू खायाचा?"
सगळे हसले. मीपण हसलो. नको होतं हसायला.

१४ मे २०००
श्रमदान. बाभळीच्या काट्याचं कुंपण पक्कं केलं. राखणीला रोज एका घराची पाळी. शिवाय तळात ट्रॉलीनं गाळमाती आणि शेणखत पसरलं. कल्पना माझी. नुसत्या दगडावर एवढं येतं तर खतावर किती येईल!
हिनं विचारलं, "त्या फुलांनी मागितलं होतं का खत?" हिला प्रत्येक कामात खोट दिसते.

२० सप्टें. २०००
गवत छातीला लागतंय. फुलं आत कुठं तरी असणार. सोनकी कडेला मूठभर. मंडळाचं मत, पाऊस कमी पडला. असेल.
धोतरभर कुसळं. काढता काढता संध्याकाळ झाली.

पोळा, २००१
खंडू आला नाही. दर पोळ्याला आमच्या बैलांना तोच रंगवतो. शिंगं मीच रंगवली, दोन्ही बाजूंना वेगळी झाली.
मग कळलं, पाच गायी विकल्या त्यानं. डोंगरापलीकडं चारायला न्यायचा, गुडघे गेले. मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

१६ सप्टें. २००१
बाई आल्या. गवतात शिरून तासभर वाकून शोधलं. कवळ्याची चार झाडं. सीतेची आसवं नाहीतच.
"इथं खत कुणी टाकलं?"
मी धोतरातली कुसळं काढू लागलो.
"आणि गुरं का बंद केलीत? ती गवत खुडत होती, म्हणून तर या बारक्यांना ऊन मिळत होतं."
"तुम्हीच म्हणाला होता ना, जपा."
बाईंनी गवताचं एक पातं खुडलं. "मलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं, अण्णा. आताही पक्कं सांगता येत नाही."
शिकलेली बाई असं म्हणते, मग आपण कुणाला विचारायचं?

१७ सप्टें.
डोकं चालेना. खत वाईट, मग गायी चरताना शेण टाकायच्याच की, ते कसं चाललं? का पाऊसच? का मातीनं कातळ झाकला म्हणून? मंडळ म्हणतं, अजून दोन वर्षं थांबू, ठराव फिरवला तर पंचक्रोशीत हसं होईल. हसं माझंच होणार.
खरं लिहायचं तर फुलांचं एवढं वाटत नाही. खंडूचं वाटतं. पन्नास वर्षांची दोस्ती मी हात वर करवून मोडली.

१९ सप्टें.
खंडूकडं गेलो. "चुकलं रे माझं" म्हणायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "गवत फार वाढलंय."
"मग कापा. तुमचंच हाय."
"तुझ्या गायी सोड आत."
"आन् ठराव?"
"बघतो मी."
तो दावं वळत होता. मान वर केली नाही. "राखायचं म्हंजे कोंडायचं नसतं, आण्णा. येवढी वर्सं तिथं कोण राखत व्हतं, कुणी इचारलं नाय."
चहा मात्र दिला. साखर कमी होती, की मलाच तशी लागली, कोण जाणे.

२३ सप्टें.
मंडळाला न विचारता कुंपणाचा काटा ओढला. गाडी जाईल एवढी वाट केली. हात सोलवटले. खंडू उरलेल्या दोन गायी घेऊन आला.
आत हिरवं गवत, आणि गायी वाटेवरच थांबल्या. खंडूनं हाकारलं, पाठीवर थाप मारली. थोरलीनं एक पाय आत टाकला आणि मागं घेतला. माझ्याकडंच बघत होती. मग लक्षात आलं, काटा ओढायची काठी माझ्या हातातच होती. टाकली. तरी हलेना.
"दोन वर्सं हाकललीया तिला," खंडू म्हणाला. "ठराव तिला कळला, आण्णा. रद्द झाल्याचं कसं कळावं?"
ऊन चढेपर्यंत तसेच उभे राहिलो. मला रडू येत होतं, ते खंडूला दिसू नये म्हणून सोनकीकडं बघितल्यासारखं केलं. तिकडं सोनकी नव्हतीच.
उद्या मंडळाची बैठक. जाताना खंडू "उद्या परत आणतो" म्हणाला, की "बघू" म्हणाला, आता लिहायला बसलो तर नीट आठवत नाही.