पायरी आणि 'बस'

४ एप्रिल, सकाळी ६.१०
नवी वही. ऑफिस बंद होऊन अकरा दिवस झाले. ऑफिसात मी तेवीस वर्षं इतरांच्या फायलींतल्या चुका काढतो आहे. घरात तशी शिस्त नाही, म्हणून या नोंदी.

विषय एकच. मागच्या खोलीच्या बाथरूमची पायरी. आठ इंच उंच. गेल्या वर्षी आई तिथेच अडखळली आणि मनगट मोडून बसली. गवंडी मार्चअखेर पायरी फोडून तिथे उतार करून देणार होता. सिमेंटचं पोतं, वाळू, हत्यारं आणून टाकली आणि टाळेबंदीत सगळं बंद झालं. आई पंधरा दिवसांसाठी धाकट्या भावाकडे गेली होती, तीही तिकडेच अडकली.

काल धाकटा फोनवर म्हणाला, 'दादा, आई आता इथेच राहू दे. तुझ्याकडे ती पायरी आहे.'

मी म्हणालो, रस्ते उघडतील तेव्हा पायरी नसेल. मी स्वतः काढतो.

त्याने 'बघू' म्हणून फोन ठेवला. बहुधा भारावला असावा.

देवापुढे बसून त्यालाही बेत सांगितला. तो मध्ये बोलत नाही, म्हणून आमचं जमतं.

५ एप्रिल
आजच सुरू करणार होतो. अडचण: कुत्री. दोन आहेत. हवालदार अंगाने वासराएवढा, पण मिक्सर लागला की पलंगाखाली. चिमटी त्याच्या पोटाखालून आरपार जाते आणि कुणाच्या बापाला भीत नाही. ओल्या सिमेंटवर ही दोघं नाचली की खेळ खलास. म्हणून क्रम ठरवला. आधी शिस्त, मग सिमेंट.

आमच्या गावच्या शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत होत्या. गुरुजींनी एकदा 'बस' म्हटलं की चिडीचूप. शब्द एकच, आवाज एकच. तीच पद्धत इथे. चार दिवस पुरे.

६ एप्रिल
'बस' छत्तीस वेळा म्हटलं. हवालदार उभा. चिमटी बसली, पण माझ्या चपलेवर, आणि चपलेचा अंगठा खाल्ला. घसा बसला. म्हणजे कोणीतरी बसलं.

९ एप्रिल, दुपारी
मोठी प्रगती. ही स्वयंपाकघरातल्या टेबलावरून ऑफिसचा कॉल करत होती. शेवटी साहेबांना म्हणाली, 'बस, एवढंच होतं सर.' दोन्ही कुत्री खाडकन बसली. मागचे पाय एका रेषेत, नजर समोर.

माझा धडा उशिरा पोचतो, पण पोचतो.

हिचं म्हणणं वेगळं. म्हणे ती रोज त्यांच्या भांड्यात खाणं वाढताना 'बस, पुरे' म्हणते आणि मग भांडं खाली ठेवते. 'त्यांना वाटतं, बस म्हणजे आता मिळणार.' मी वाद घातला नाही. बायकांना शिक्षणशास्त्र कळतं, पण ढोबळ.

१२ एप्रिल
प्रारंभ केला. स्नान, दिवा, हातोडा. गवंडी व्हिडिओ कॉलवर. त्याचं पहिलं वाक्य: 'साहेब, छिन्नी उलटी धरलीय.' मी म्हणालो, मी तपासत होतो.

पायरी अर्धी फुटली. आतला पाइपही फुटला. पायरीच्या पोटात पाइप असेल असं पायरीने कुठेही दाखवलं नव्हतं.

कारंजं छतापर्यंत. गवंडी ओरडत होता, 'कॉक बंद करा, कॉक!' मी विचारत होतो, कोणता. ही कॉल चालू ठेवून गच्चीवर गेली, कॉक बंद केला, परत येऊन साहेबांना म्हणाली, 'हां सर, पुढचा मुद्दा.'

हवालदार अजून पलंगाखाली. चिमटीने आंघोळ करून घेतली.

१३ एप्रिल
सकाळी दुकान दोन तास उघडतं. ही जाऊन जोड आणि सोल्युशन घेऊन आली. गवंडी फोनवरून सांगत गेला, ही करत गेली, मी फोन धरला. दोनदा माझा अंगठा कॅमेऱ्यावर आला, पण एकूण पाइप आम्ही दोघांनी मिळून बसवला.

गवंडी म्हणाला, 'वहिनी, तुम्ही माझ्या हाताखाली या.' उगाच चढवून ठेवतात माणसं.

१९ एप्रिल
ढग. सिमेंटला हवा कोरडी हवी.

२१ एप्रिल
कडक ऊन. सिमेंट लवकर वाळून तडे जातील.

२२ एप्रिल
हवा योग्य. माझी कंबर अयोग्य.

२४ एप्रिल
थापी गायब. घरभर उलथापालथ केली. पायरीचा भाग अर्धा तुटलेल्या दातासारखा दिसतो. हिला सकाळी ओलांडताना ठेच लागली. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला मोजता येतं. आजचं मोठं होतं.

२५ एप्रिल
थापी अंगणात सापडली, एक फूट खाली. शेजारी माझा चष्म्याचा डबा, एक चमचा आणि गेल्या वर्षी हरवलेला आईचा लोकरीचा मोजा. मोजा धुऊन वाळत घातला. तो मोजा दोरीवर एकटाच हलत होता. बघत बसलो. काम राहिलं.

३० एप्रिल, सकाळी ९
धाकट्याचा फोन. आठ तारखेला रस्ते उघडणार, तो आईला घेऊन येतोय. म्हणाला, 'पण दादा, स्पष्ट सांगतो. पिशवी गाडीतच ठेवेन. बाथरूम बघेन. जमत नसेल तर आईला तसाच परत नेईन, आणि मग ती माझ्याकडेच.'

मग आई फोनवर आली. म्हणाली, 'सुरू केलंस का रे?'

'हो आई.'

'मग संपवायला कोण येतंय?'

मी हसलो. ती हसली नाही. लहानपणी मी पतंग करायचो, शेपटी ती लावायची. वह्यांना कव्हरं मी घालायला घ्यायचो, घालायची ती. आजच का आठवावं कुणास ठाऊक.

देवाला म्हटलं, या वेळेस एक तरी शेपटी मीच लावीन. नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं त्याने.

३ मे, दुपारी ३
झालं! उरलेली पायरी फोडली, माल कालवला, उतार घातला. थापीने असा घोटला की तोंड दिसावं. गवंड्याला फोनवर दाखवला. तो म्हणाला, 'साहेब, हे काय करून ठेवलंत? ओल्या पायाने म्हातारं माणूस सरळ भिंतीला जाईल. वरून झाडूच्या काड्या ओढा, खरखरीत करा.'

इतक्या सुंदर कामावर झाडू? त्याला सांगितलं, बघतो. मनात ठरवलं, बघायचं नाही.

आता फक्त कुत्री लांब ठेवायची. दार लावून घेणं हा सोपा मार्ग झाला, पण त्यात शिस्त कुठे? दोघांना मुद्दाम आणून उताराशी उभं केलं. सांगितलं, 'इकडे यायचं नाही.'

त्यांनी त्यातलं 'इकडे ये' एवढंच घेतलं.

दोघं उताराच्या मधोमध. मी 'नाही, नाही' करतोय. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिची हाक: 'अहो, बस करा आता! जेवण गार झालं.'

दोघं बसली.

एका क्षणात, एका रेषेत, ओल्या सिमेंटमध्ये, माझ्याकडे बघत. महिनाभराच्या शिकवणुकीतली ही सर्वांत निर्दोष बैठक. ओरडू तरी कोणत्या तोंडाने? आज्ञा पाळली होती त्यांनी.

ही आली. दारात उभी राहिली. मग दोघांना बखोटीला धरून नळाखाली नेलं. सिमेंट कुत्र्यांच्या शेपटीवर सुकलं तर काय होतं, हे मला तिच्याकडून कळलं. मी संध्याकाळी उतार पुन्हा घोटून घेतो.

४ मे
संध्याकाळी कंबर. सकाळपर्यंत उतार दगड. सिमेंटला माणसासारखा धीर नाही.

एकूण एकोणतीस पावलं. वरच्या अंगाला हवालदाराची बैठक, ताटलीएवढी. शेजारी चिमटीची, वाटीएवढी.

६ मे
फोडून पुन्हा करावं का? माल संपला. दुकानात म्हणतात, दहा तारखेनंतर. पायपुसणं टाकून झाकलं. चिमटीने काढून नेलं. पुन्हा टाकलं, पुन्हा नेलं. थापीच्या खड्ड्यात सापडलं.

धाकट्याला सांगावं का, की येऊ नकोस, इतक्यात नको? फोन तीनदा उचलला. हिने बघितलं. म्हणाली, 'येऊ द्या त्यांना. मी पाणी टाकून चालून बघितलंय.'

काय बघितलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. फोन खाली ठेवला.

८ मे, सकाळी ११.३०
आई आली. वाळली आहे. हातात नवी काठी, खाली रबराचं बूच. पिशवी खरोखरच गाडीत. धाकटा थेट मागच्या खोलीत. उतार बघितला, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, 'दादा, यावर कुत्री झोपली होती का?'

मी म्हणालो, झोपली नव्हती. बसली होती.

आई पुढे झाली. कोणी हात दिला तर तिला चालत नाही. ही बादलीभर पाणी उतारावर ओतून बाजूला झाली. ओल्या उतारावर! मी कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढून ठेवलं, लागलंच तर. देवाला हाक मारली, शब्द काही सुचले नाहीत, नुसती हाक.

आईने काठी टेकवली. बूच पावलाच्या ठशात बसलं, पक्कं. दुसऱ्या ठशात अंगठा. वर गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. तशीच खाली आली. घसरली नाही. आम्ही कोणी हललोही नव्हतो.

म्हणाली, 'छान पकड आहे. हे खळगे कसले?'

ही म्हणाली, 'हवालदारसाहेबांची बैठक. साबण ठेवायला बरी.'

आई हसली. दीड महिन्यानंतर. विचारलं, 'हे गवंड्याला सुचलं?'

आता मात्र सांगणं भाग होतं. मी घसा साफ केला. म्हणालो, 'आई, त्याचं असं आहे, ज्येष्ठांची सोय डोळ्यांपुढे ठेवून मी मुद्दामच...'

ही म्हणाली, 'बस.'

हवालदार बसला. चिमटी बसली. काय झालं कळलं नाही, पण मीही स्टुलावर होतो.

आईने आम्हा सगळ्यांना एकदा नीट बघून घेतलं. धाकट्याला म्हणाली, 'माझी पिशवी आत आण.' मग सुनेला म्हणाली, 'तिघांनाही चांगलं वळण लावलंस गं.'

मी मागे वळून बघितलं.

कुत्री तर दोनच आहेत.