ठकूची चादर

ता. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठकू सुखरूप पोचली. खुशाली इथेच संपली, पुढचं सगळं रागाचं आहे.

आठ वर्षांची घोडी आल्या दिवसापासून पुन्हा रोज गादी भिजवून उठते. तुझ्याकडे सुट्टीचे चाळीस दिवस राहिली, आणि तू प्रत्येक पत्रात लिहायचीस की अंथरूण कोरडं आहे. म्हणजे तिला जमतं. मग हा निव्वळ हट्टीपणा नाही तर काय? ही म्हणते डॉक्टरांना दाखवू. मी साफ नाही म्हटलं. आत्याकडे ठणठणीत असलेलं पोर बापाकडे आलं की आजारी पडतं होय? काल मी तिला एक लगावली. चकार शब्द काढला नाही कार्टीने. आता तिची चादर तिनेच धुवायची, असा नियम केलाय. ही माझ्याशी बोलत नाही. तू तरी माझी बाजू घे.

तुझा,
धाकटा

ता. ७ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला, आत्ता द्यायची इच्छा नाही. हात उचललास? शिकाऊ माणसाने भर चौकात दहादा गाडी बंद पाडली तरी तू, ड्रायव्हिंग स्कूलचा गुरुजी, म्हणे आवाज चढवत नाहीस. ती सगळी शांती बाहेरच वाटून संपते का?

आता नीट वाच. मी खोटं लिहिलं. ठकू इथेही आठवड्यातले चार-पाच दिवस भिजायची. सकाळी हॉटेलांच्या चादरी मशीनमध्ये टाकताना मी तिचीही त्यातच सरकवायचे. लॉन्ड्रीत दोनशे चादरींत एक कोणाला दिसते? तिला म्हटलं, हे आपल्या दोघींतच, बाबांना सांगायचं नाही. तू तिला सोडायला आलास तेव्हा माझ्या इस्त्रीवाल्यांसमोर ‘ही अंथरूण भिजवते’ म्हणून तिची फजिती केलीस, तेव्हाच मी हे ठरवलं होतं.

तू नऊ वर्षांचा होईपर्यंत तुझ्या चादरीही मी अशाच आपल्या अण्णांपासून लपवल्या. तुला विसरायला बरं जमलं. मला तेवढं एकच औषध ठाऊक होतं, तेच पुन्हा दिलं. चुकले. तेव्हाच डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. पण मारलंस तू.

उद्याच्या उद्या ने. तुझे क्लास बुडाले तर बुडू देत.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

ता. १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुला उत्तर लिहून फाडत होतो. तुझ्या खोट्यावर मी माझा सगळा शहाणपणा उभा केला. तुझ्यावर अजून चिडलेलो आहे, माझ्यावर त्याहून जास्त.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली, आणि पोर शौचाला किती दिवसांनी जाते ते विचारलं. आम्हा नवरा-बायकोला ठाऊक नव्हतं. ठकूने चार बोटं दाखवली. शाळेतल्या संडासाला कडी नाही, म्हणून ती दाबून ठेवते, आणि आता सवयच लागलीय. आतडी गच्च भरली की मूत्राशयावर दाब येतो, मूल मुद्दाम करत नाही, असं बाई म्हणाल्या. आधी पोट साफ व्हायचं औषध, मग पुढचं पाहू. मूल मनातून कुढायला लागलं की ‘मोठं झालं की थांबेल’ म्हणून वाट कसली पाहता, असं मला चांगलंच सुनावलं.

मग त्यांनी विचारलं, दुसरीकडे राहायला गेली की काय होतं. मी म्हटलं, आत्याकडेही होत होतं. तशी ठकू खुर्चीवरून उतरली आणि माझी बाही धरून म्हणाली, "बाबा, मी नाही सांगितलं. आत्याला सांगा, मी नाही सांगितलं."

ताई, मी मारलं तेव्हा ‘आत्याकडेही होत होतं’ एवढं एकच वाक्य बोलली असती तर सुटली असती. तुझा शब्द राखायला तिने मार खाल्ला.

आत्या रागावलेली नाही हे मी तिला रोज सांगतो. ती मान हलवते, पण माझ्यावर तिचा विश्वास नाही. तिला तू स्वतःच्या हाताने लिही.

तुझा,
धाकटा