दहा हजारांतल्या तिघांत मी निघाले तर

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय तेहतीस, अविवाहित, रुग्णालयाच्या संशोधन विभागात संख्याशास्त्रज्ञ म्हणून नोकरीस, घरात आणि बेकरीत 'चिमटी' या नावाने ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मर्जीबद्दल रुग्णालयाच्या समुपदेशक बाईंनी मला फिरवून फिरवून विचारले आणि दर वेळी उत्तर तेच आले. मी घाबरलेली आहे, हे मात्र त्यांच्यापासून लपवले नाही. घाबरणे वेगळे आणि कोणाच्या दडपणाखाली असणे वेगळे, हे त्यांनीही मान्य केले.

येत्या गुरुवारी माझे डावे मूत्रपिंड काढून माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, बसवणार आहेत. या शस्त्रक्रियेत दर दहा हजार दात्यांमागे फार तर तिघे दगावतात. वकील म्हणाले, "मग एवढी घाई कशाला करता?" मी म्हटले, त्या तिघांनाही कोणीतरी हेच विचारले असेल. त्यावर त्यांनी कागद पुढे सरकवला.

पण घाईचे खरे कारण तिघे नाहीत. ताईने मूत्रपिंड घ्यायला होकार दिला तेव्हा त्याला एक शेपूट जोडले. "तुला काही झालं, तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही. आधीच सांगते, मग मला समजवायला येऊ नकोस." तसे काही झालेच, तर मी समजवायला येऊ शकणार नाही हे उघड आहे. म्हणून हा कागद. बाकीची कलमे कायद्याला हवीत म्हणून आहेत.

१. बेकरीवरच्या दोन खोल्यांतील माझा अर्धा हिस्सा मी ताईला देते. रस्त्याकडची खिडकी अडकते. ती ढकलू नये, आधी किंचित वर उचलावी. खोल्या भाड्याने द्याव्याशा वाटल्या तर खुशाल द्याव्यात. माझी आठवण म्हणून रिकाम्या ठेवू नयेत. रिकाम्या खोलीत ओल धरते.

२. बँकेतील माझी सर्व शिल्लक ताईच्या औषधांसाठी आहे. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ती औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. बरे वाटू लागले की माणूस औषध टाळतो, आणि ताई टाळण्यात पटाईत आहे. म्हणून औषधाची डबी भावोजींच्या ताब्यात असावी. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. तेच पावाची गाडी चालवतात. या रकमेतून त्यांनी गाडीला टायर घेऊ नयेत. वाईट वाटू नये म्हणून माझी सायकल मी त्यांना ठेवते. पोटासाठी चांगली आहे.

३. मीठ आणि यीस्ट तोलायचा बाबांचा छोटा काटा माझ्या टेबलावर आहे, तो बेकरीत परत जावा. तो मी हक्काने नव्हे, हट्टाने नेला होता.

इथे थोडे सांगावे लागेल. मी लहानपणी शाळेला इतकी घाबरायची की रोज सकाळी उलटी व्हायची. शेवटी बाबा म्हणाले, "राहू दे तिला माझ्यापाशी. पीठ मळायला दाखला लागत नाही." मग माझी शाळा बेकरीतच भरली. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती दुपारी शाळेतून आली की टेबलावर पीठ पसरायची आणि त्यात बोटाने अक्षरे काढायची. चुकले की हाताने सपाट करायचे, की पाटी कोरी. बेरीज, भागाकार, अपूर्णांक, सगळे मी पिठात शिकले. ताई रागावली की नाकाला पीठ लावायची. पुढे मला शाळेत घातले तेव्हा वर्गातल्या मुली म्हणाल्या, "ही उत्तर लिहायच्या आधी बाक का पुसते?"

बाबांकडून शिकले ते वेगळे. नवे पीठ आले की ते जुने आणि नवे एकाच सकाळी, एकाच भट्टीत भाजायचे. जुन्या पावाला खालून एक चीर, नव्याला दोन. भट्टीची डावी बाजू जास्त तापायची, म्हणून दर खेपेला जागा बदलायच्या. खाणाऱ्याला कुठला कुठला ते सांगायचे नाही. आणि असे बरेच दिवस केल्याशिवाय कोणी मत द्यायचे नाही. कोणी पहिल्याच दिवशी "वा, नवं पीठ झकास" म्हणाले, की बाबा म्हणायचे, "शितावरून भाताची परीक्षा होते. एका भट्टीवरून पिठाची होत नाही." मी पुढे जे शिकले आणि ज्याचा पगार घेते, ते याहून फारसे वेगळे नाही. फक्त तिथे पावांच्या जागी माणसे असतात, आणि त्यांना चीर देता येत नाही.

४. माझी संख्याशास्त्राची पुस्तके विभागाच्या कपाटात ठेवावीत. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत. काही ठिकाणी माझे चुकले असेल. तसे आढळल्यास शेजारी लिहावे.

५. आमच्या विभागप्रमुखांना मी दोन वाक्ये ठेवते. ती मूळची माझीच आहेत.

मूत्रपिंड देऊ इच्छिणाऱ्यांसाठी आमच्या विभागाने एक पत्रक काढले. त्यात छापले आहे: 'दात्यांमध्ये पुढील आयुष्यात मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले.' हे खोटे नाही. पण त्याखाली मी लिहिले होते: 'म्हणजे दर हजार दात्यांमागे सुमारे नऊ, आणि तितक्याच निरोगी पण मूत्रपिंड न दिलेल्या हजारांमागे एक किंवा दोन. उरलेल्या नऊशे एक्क्याण्णव दात्यांना हा त्रास झालेला नाही.' ही दोन वाक्ये साहेबांनी काढली. मी विचारायला गेले तेव्हा ते म्हणाले, "अहो, पत्रक आहे ते, प्रबंध नव्हे. लोकांना आकडे झेपत नाहीत."

साहेब, लोकांना आकडे झेपतात. त्यांना अर्धे वाक्य झेपत नाही. 'लक्षणीय' हा शिक्का इतकेच सांगतो की मुळात काही फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने इतका फरक आकड्यांत दिसणे फार दुर्मीळ ठरले असते. तो फरक डोंगराएवढा आहे की मुंगीएवढा, हे तो सांगत नाही. हजारो माणसे मोजली तर मुंगीलाही तो शिक्का मिळतो. तुम्ही शिक्का ठेवलात आणि माप काढून टाकलेत. पुढच्या छपाईत ती दोन वाक्ये परत घालावीत, ही विनंती. माझा तुमच्यावर राग होता. तो मी कोणाच्या नावे करत नाही. माझ्याबरोबर जाऊ दे.

राग अशासाठी, की ते पत्रक ताईच्या हाती पडले. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसच्या खुर्चीत रक्त शुद्ध करून घेत बसावे लागते, आणि समोरच्या भिंतीवर ही पत्रके लावलेली असतात. घरी येऊन तिने ते माझ्यासमोर ठेवले.

"हे तू लिहिलंस?"

"अर्धं."

"मग उरलेलं अर्धं कुठे गेलं?"

मी सांगितले. तिला वाटले, मी आता तिला फसवण्यासाठी आकडे जुळवते आहे. "छापलेलं खरं धरू की तुझं तोंडचं? विषय संपला," म्हणाली. आणि खरोखर संपवला. मी मूत्रपिंडाचे नाव काढले की ती भट्टी बघायला जायची, भट्टी थंड असली तरी.

६. भावोजींची मी माफी मागत नाही, पण त्यांना समजावून द्यायचे राहिले आहे.

ताई ऐकेना तेव्हा ते कुठूनतरी दुसऱ्या एका अभ्यासाचा कागद घेऊन आले. चेहरा असा, जणू लॉटरी लागली. "हे बघ, यात चक्क लिहिलंय, दाते आणि इतर यांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे धोकाच नाही. दाखव तिला."

मी कागद वाचला. नव्वद दाते होते. मी म्हटले, "भावोजी, हे दाखवता येणार नाही."

"का? छापलेलं आहे की."

"हजारात नऊ आणि हजारात दोन, यातला फरक नव्वद माणसांत दिसणार कसा? पिठाच्या कोठारात सुई पडलीय आणि यांनी वाटीभर पीठ चाळलंय. त्यांना सापडली नाही, एवढंच खरं. नाहीच, असं नाही."

"अगं, तुला बहीण वाचवायची आहे की पेपर तपासायचेत?"

"दोन्ही."

"तुझ्यासारखी हरिश्चंद्राची बहीण घरात असल्यावर शत्रूची गरज नाही," असे म्हणून ते गाडी घेऊन गेले आणि आठवडाभर माझ्याशी फक्त पावाबद्दल बोलले. भावोजी, तो कागद मी दाखवला असता आणि ताईने हो म्हटले असते, तर पुढे काहीही झाले तरी ते हो खोट्यावर उभे राहिले असते. एका पत्रकाने तिला नको तितके भिववले, म्हणून दुसऱ्याने नको तितका धीर द्यायचा, हे मला जमले नाही. तुम्ही प्रेमापोटी आणलात, हे मला माहीत आहे. म्हणूनच तो कागद मी फाडला नाही.

७. होकार कसा आला, हे कायद्याला नको असले तरी इथे लिहिते, कारण ताई ते विसरायचा प्रयत्न करील.

दुपार होती, भट्टी विझलेली. ताई टेबल खरवडत होती. मी म्हटले, "तू मला काहीही विचार. तुला आवडेल तसं नाही, आहे तसं सांगेन."

तिने एक कोपरा खरवडून संपवला. मग म्हणाली, "टेबलावर मरतात किती?"

"दहा हजारांत फार तर तीन."

"आणि पुढे तुझं दुसरं बिघडलं तर?"

"हजारात नऊ. शून्य नाही, ताई. शून्य असतं तर सांगितलं असतं."

"हजार, दहा हजार. मला काय त्यांचं? बाबा म्हणायचे, एका भट्टीवर बोलू नये. पण माझ्याकडे भट्टी एकच आहे. तू."

याचे उत्तर माझ्या पुस्तकांत नाही. आमचे शास्त्र पुष्कळांविषयी बोलते. एकाविषयी बोलायची वेळ आली की ते मान खाली घालते. मग तिनेच विचारले, "मी नाही घेतलं तर?"

हा आकडा मी कधी तोंडातून काढला नव्हता. "डायलिसिसवर पाच वर्षांनी साधारण निम्मे उरतात."

"हजारातले निम्मे?"

"हो. कुठल्याही हजारातले."

ती खाली बसली. टेबलावर उरलेले पीठ बोटाने गोळा करत म्हणाली, "म्हणजे भट्टी तुझ्याकडेही एकच आहे."

"हो."

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस, चिमटे?"

"तुला घाबरवून हो म्हणवायचं नव्हतं."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली, आणि माझ्या नाकाला पीठ लावले. तोच होकार. ते शेपूट तिने नंतर जोडले, जिन्यात, मागे न बघता.

८. विभागाला सूचना. मी दगावले तर दया येऊन कोणी माझ्या मृत्यूचे कारण 'इतर' असे नोंदवू नये. भूल सोसली नाही, रक्तस्राव झाला, रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, जे झाले असेल ते लिहावे आणि मला दात्यांच्या मृत्यूंमध्ये मोजावे. आपल्या ओळखीची माणसे गाळत गेलो तर दहा हजारांतले तीन लवकरच दोन होतील, आणि पुढच्या एखाद्या ताईला कोणीतरी खोटे सांगेल. मी आयुष्यभर दुसऱ्यांना गाळू दिले नाही. मलाही गाळू नका.

९. आता ताई. तुला मी जे देते ते स्थावरही नाही, जंगमही नाही, आणि वकिलांच्या मते ते देता येत नाही. माझ्या मरणाचा अर्थ लावण्याचा अधिकार मी तुझ्याकडून काढून स्वतःकडे ठेवते.

त्याचा अर्थ असा. तू हो म्हणालीस म्हणून मी मेले नाही. पत्रक खरे निघाले, असेही नाही; एका मरणाने ते खरे ठरत नाही आणि मी घरी परतले असते तर खोटेही ठरले नसते. त्या दुपारी जे कळण्यासारखे होते ते सगळे आपण टेबलावर मांडले, काहीही लपवले नाही, आणि त्यावरून ठरवले. चांगले ठरवलेले वाईट होऊ शकते. तसे झाले म्हणून ठरवलेले वाईट होत नाही. उद्या तशीच दुपार पुन्हा आली आणि तेच आकडे समोर असले, तर मी तेच म्हणेन आणि तुलाही तेच म्हणावे लागेल. तेव्हा माफीचा प्रश्नच उरत नाही. माफ करायला आधी चूक लागते. ती कुठे आहे ते मला दाखव, नाहीतर सोडून दे.

रडायचे असेल तर रड. त्याला मी कुठलीही अट घालत नाही.

आणि हा कागद तू वाचते आहेस, म्हणजे तू जिवंत आहेस आणि माझे मूत्रपिंड तुझ्या आत काम करते आहे. सुरुवातीच्या महिन्यांत त्याला पाणी कमी पडता कामा नये, असे डॉक्टरांनी आपल्या दोघींना बसवून सांगितले आहे. इथपर्यंत वाचायला तुला वेळ लागला असेल, आणि मधे तू काही प्यायली नसशील. आता ऊठ, एक पेला भरून पाणी पी. मी थांबते.

वर लिहिलेले सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचून पाहिले, दोन ठिकाणी दुरुस्त केले आणि तिथे सही केली. अंमलबजावणी वकिलांनी करावी. साक्षीदारांपैकी कोणालाही या कागदातून काही मिळत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

सही: चिमटी (धाकटी बहीण, दाता)

आमच्या समोर सही केली, आम्ही दोघांनी तिच्या समोर केली:
साक्षीदार १: बेकरीशेजारचे घड्याळ दुरुस्तीवाले काका
साक्षीदार २: रुग्णालयातील समुपदेशक बाई

स्थळ: बेकरीवरची रस्त्याकडची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार, दुपार