ठमामावशींनी आणलेल्या गोळ्या

८ नोव्हेंबर, सोमेश्वरनगर
आज खोलीत सामान लावून झालं. खिडकीतून उसाच्या गाड्यांची रांग दिसते, कारखान्याच्या मळीचा वास येतो, आणि मला दोन्ही आवडलं! उद्यापासून ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचं. घरमालकीण ठमाबाई एकट्याच राहतात. मुलगी संस्कृती लग्न होऊन गेली. मी त्यांना मावशीच म्हणायचं, असं त्यांनी बजावलं. डिप्रेशनच्या गोळ्या घेते हे मी सहसा कुणाला सांगत नाही, पण जेवता जेवता त्यांना सांगून टाकलं. त्या दचकल्या नाहीत. संस्कृतीलाही हेच होतं, म्हणाल्या. किती हलकं वाटलं.

२१ नोव्हेंबर
बारावीला संप्रेरकं शिकवली. डिप्रेशनबद्दल पुस्तकात नव्हतं तेही सांगितलं. ताण सरला तरी काहींच्या रक्तातलं कॉर्टिसॉल उतरत नाही, मेंदूतल्या पेशींचे निरोप अडकतात, आणि असा माणूस आळशी नसतो. मुलं मन लावून ऐकत होती.
मावशी गुरुवारी बारामतीच्या बाजाराला जातात. माझ्या गोळ्या आता त्याच आणतात. पाकिटं उंदीर कुरतडतात म्हणून सोलून बाटलीत भरून ठेवल्यात. इतकं कोण करतं दुसऱ्यासाठी?

५ डिसेंबर
मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका येतो. चक्कर येते. कारण नसताना रडू येतं. गोळी तर एकदाही चुकलेली नाही; मावशी समोर उभं राहून दुधाबरोबर देतात.

१९ डिसेंबर
वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. शब्द सुचेना. औषध चालू असलं की माणूस सावरतो, असं मीच मुलांना सांगितलं होतं. माझ्याच मेंदूनं मला खोटं पाडलं. डॉक्टरांना फोन करते म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, त्यांनी केलाय. ह्याच गोळ्या चालू ठेवायला सांगितलंय.

२ जानेवारी
अंघोळ नाही. केस मावशी विंचरतात. फोन त्यांच्याकडे — मला त्रास नको म्हणून. कॉलेजला रजाही त्यांनीच कळवली.

६ जानेवारी
आज दूध नको वाटलं. गोळी नुसतीच चावली. खडूची चव. माझी गोळी जिभेला लागली तरी कडूजहर असायची. बाटलीतली दुसरी चावली — खडू. तिसरी — सगळ्या कॅल्शियमच्या, दिसायला तेवढ्या माझ्या गोळ्यांसारख्या.
मावशींना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. पदरानं माझं तोंड पुसलं.
"संस्कृती आजारी व्हती तवर माजी व्हती. गोळ्यांनी बरी झाली आन गेली. फोनबी करत न्हाय. तू तरी ऱ्हा हितं."
म्हणजे मेंदूनं दगा दिला नव्हता. तो बिचारा इतके दिवस औषधाविनाच —

७ जानेवारी
दार उघडंच आहे. बाहेर गाड्या चालल्यात, माणसं बोलतायत. हाक मारली तरी कुणीही येईल. पण उठायचं म्हणजे — आधी पाय — मग —
कुलूप लावायची त्यांना गरजच नाही. त्यांना माहीत आहे. संस्कृतीला असंच पडलेलं त्यांनी पाहिलंय —

मावशी ताट घेऊन आल्या. भात कालवतायत. मला त्यांचा राग यायला हवा. शोधते आहे, सापडत नाही. घास पुढं आला, आणि मी तोंड उघडलं —